‘द मपेट शो’ पुन्हा पाहताना: नजरेतून निसटलेल्या तपशिलांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातील गावोगावचे प्रेक्षक ‘द मपेट शो’ पुन्हा पाहताना जे प्रश्न आमच्याकडे सातत्याने पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. पाठवणाऱ्यांत परभणी-लातूरकडील शाळांमधील शिक्षक आहेत, छत्रपती संभाजीनगर येथील हौशी नाट्यकर्मी आहेत, आणि आता आपल्या मुलांना शेजारी बसवून हा कार्यक्रम दाखवणारे पालकही आहेत. सारखे प्रश्न एकाच ठिकाणी घेतले असून, एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा कार्यक्रम नेमका कोणता, कधीचा आणि किती भागांचा आहे?

अमेरिकेतील बाहुलीकार जिम हेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ ते १९८१ या काळात केलेला हा दूरचित्रवाणी कार्यक्रम आहे. पाच पर्वे, प्रत्येक पर्वात २४ भाग, असे एकूण १२० भाग झाले. मंडळी अमेरिकेची असली, तरी चित्रीकरण इंग्लंडमधील बोरहॅमवुड येथील एलस्ट्री स्टुडिओत झाले, कारण निर्मितीसाठी पैसा उभा करणारे ल्यू ग्रेड हे ब्रिटिश निर्माते होते. एका जुन्या नाट्यगृहात बाहुल्यांची मंडळी दर आठवड्याला विविध मनोरंजनाचा प्रयोग लावते, कर्मिट हा बेडूक तो प्रयोग कसाबसा तडीस नेतो आणि दर भागात एक खराखुरा माणूस पाहुणा कलावंत म्हणून येतो, एवढीच त्याची मांडणी आहे.

२. सगळे विनोद पाठ झाले आहेत. पुन्हा पाहून नवे काय दिसणार?

प्रेक्षकाची नजर बोलणाऱ्याच्या तोंडाकडे जाते. बाहुलीच्या बाबतीत तर ती तेथेच खिळते, कारण हलणारे तोंड हाच ती जिवंत असल्याचा सर्वांत ठळक पुरावा असतो. त्यामुळे पहिल्या खेपेला आपण हा कार्यक्रम प्रत्यक्षात अर्धाच पाहिलेला असतो. चौकटीतील ज्या बाहुल्या त्या क्षणी बोलत नसतात, त्यांच्या आतही कोणाचा तरी हात असतो आणि तो हात त्या वेळी ऐकण्याचा अभिनय करीत असतो. फॉझी अस्वल एखादा पडलेला विनोद सांगत असताना शेजारी उभा असलेला कर्मिट मान किती अंशांनी खाली घेतो, तोंड मिटून ओठ कसे आत ओढतो, आणि विनोद संपण्याच्या थोडा आधीच त्याची नजर प्रेक्षकांकडे कशी वळते, हे आपण फॉझीकडे पाहत असल्यामुळे हमखास निसटते.

म्हणून आमची सूचना एवढीच आहे की पुन्हा पाहताना न बोलणाऱ्या बाहुलीकडे पाहावे. पहिल्या पर्वातील नृत्याच्या प्रसंगांपासून सुरुवात करणे सोपे जाते. तेथे एकेक जोडी पुढे येऊन एखाददुसरे वाक्य बोलते आणि बाकीच्या जोड्या मागे नाचत राहतात. त्या मागच्या जोड्या लक्ष देऊन पाहिल्या, तर तोच प्रसंग निराळा वाटू लागतो.

३. या कळसूत्री बाहुल्याच आहेत ना?

नाहीत. कळसूत्री बाहुली वरून दोऱ्यांनी चालते. आपल्याकडे सिंधुदुर्गातील पिंगुळीची परंपरा त्या प्रकारासाठी प्रसिद्ध आहे. मपेट बाहुल्या खालून चालतात. बाहुलीकाराचा एक हात डोक्यात असतो आणि दुसरा हात बाहुलीच्या हातांना जोडलेल्या बारीक सळया सांभाळतो. हा फरक पाहण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण दोऱ्यांच्या बाहुलीत करामतीच्या खुणा वर शोधायच्या असतात, तर येथे त्या चौकटीच्या खालच्या कडेला सापडतात. दोरीवरची बाहुली पावले टाकते आणि चेहरा स्थिर ठेवते. हातावरच्या बाहुलीचा चेहरा बोटांच्या प्रत्येक हालचालीने बदलतो, मात्र तिचे पाय बहुधा दिसत नाहीत (अपवादासाठी प्रश्न १६ पाहावा).

४. कर्मिट आणि इतर बाहुल्या डावखुऱ्या का वाटतात?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, आणि निरीक्षण अचूक आहे. बहुतेक बाहुलीकार उजव्या हाताचे असतात आणि सर्वांत अवघड काम, म्हणजे तोंड व चेहरा, ते उजव्या हाताकडे देतात. सळया धरायला डावा हात उरतो. बाहुलीकार बाहुलीच्या मागे, तिच्याच दिशेने तोंड करून असल्यामुळे त्याच्या डाव्या हाताला बाहुलीचा डावा हात जवळ पडतो. परिणामी फोन उचलणे, कागद धरणे, दार ढकलणे अशी कामे बाहुल्या डाव्या हाताने करताना दिसतात. पडद्यावर हा हात आपल्या उजवीकडे दिसतो, त्यामुळे पाहताना गोंधळ होऊ देऊ नये.

एखादी बाहुली दोन्ही हात सफाईने वापरू लागली, तर चौकटीखाली दुसरा बाहुलीकार बसला आहे असे समजावे.

५. मग स्वीडिश शेफच्या हातांना माणसाचीच बोटे कशी दिसतात?

कारण ती माणसाचीच आहेत. मपेट बाहुल्यांत दोन मुख्य प्रकार आहेत. कर्मिट, डुकरीण मिस पिगी किंवा मंडळीतील पोरगा स्कूटर यांचे हात सळयांवर चालतात. रॉल्फ हा पियानो वाजवणारा कुत्रा, फॉझी आणि वाद्यवृंदाचा नायक डॉ. टीथ यांच्या हातांत मात्र हातमोजा घालावा तसा खरा हात घातलेला असतो, म्हणून त्यांना वस्तू पकडता येतात. अशा बाहुलीत मुख्य बाहुलीकाराचा एक हात डोक्यात व दुसरा बाहुलीच्या डाव्या हातात असतो, आणि उजवा हात सहायकाचा असतो. रॉल्फ पियानोवर बसला की त्याचे दोन पंजे दोन निरनिराळ्या माणसांचे असतात. ते एका लयीत कसे राहतात, हे एकदा फक्त पंजांकडे पाहून अनुभवावे.

शेफच्या बाबतीत ही रचना आणखी पुढे नेलेली आहे. त्याचे डोके आणि आवाज जिम हेन्सन यांचा, तर दोन्ही उघडे हात मंडळीतील दुसरे बाहुलीकार फ्रँक ऑझ यांचे. डोके एका माणसाच्या मनाप्रमाणे चालते आणि हात दुसऱ्याच्या. ऑझ भांडी फेकू लागले की हेन्सन यांना डोक्याने त्याला सांभाळून घ्यावे लागे. शेफ गोंधळलेला दिसतो त्यातील बराचसा गोंधळ असा प्रत्यक्ष घडलेला आहे. या प्रसंगांत हात आधी हलतात की डोके आधी वळते, हे पाहिल्यास त्या क्षणी पुढाकार कोणाकडे होता हे कळते.

६. कर्मिटच्या चेहऱ्यावर इतके भाव येतात कसे? त्याच्या डोळ्यांत यंत्र आहे का?

यंत्र अजिबात नाही. हेन्सन यांनी १९५५ मध्ये पहिला कर्मिट आपल्या आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून शिवला आणि डोळ्यांसाठी टेबल टेनिसच्या चेंडूचे दोन अर्धे भाग वापरले. तेव्हा तो बेडूकही नव्हता, एक सरड्यासारखा प्राणी होता. त्याला पापण्या नाहीत. डोके मऊ असल्यामुळे आतल्या बोटांची मूठ जशी वळेल तसा चेहरा दुमडतो. कपाळाचा भाग आत ओढला की तो रागावलेला दिसतो, आणि तोंड घट्ट मिटून आत घेतले की शब्द गिळल्यासारखा दिसतो. डोळे तेच, पण मानेच्या कोनानुसार ते उदास किंवा आनंदी भासतात.

डोळ्यांची जागा हे डॉन सॅलिन या कारागिराचे खास काम होते. बाहुल्यांची बुबुळे ते किंचित आतल्या बाजूला आणत, त्यामुळे बाहुली शून्यात न पाहता समोरच्या कशावर तरी नजर रोखून आहे असे वाटते. शाळेसाठी बाहुल्या बनवणाऱ्या शिक्षकांनी ही एक गोष्ट जरूर उचलावी. बुबुळे डोळ्यांच्या अगदी मधोमध चिकटवली की बाहुली हरवल्यासारखी दिसते.

यंत्र असलेले डोळे पाहायचे असतील, तर लांब वाकड्या नाकाच्या गॉन्झोकडे पाहावे. पहिल्या पर्वात त्याच्या पापण्या अर्धवट मिटलेल्या आणि स्थिर आहेत, म्हणून तो सतत खिन्न वाटतो. दुसऱ्या पर्वासाठी त्याची नवी बाहुली झाली, तिच्या पापण्या उघडता-मिटता येऊ लागल्या, आणि त्याचे बाहुलीकार डेव्ह गोल्झ यांना त्याचा उत्साह दाखवता येऊ लागला. पात्राचा स्वभाव त्याच्या पापणीमुळे बदलल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे आठवत नाही. पहिल्या व दुसऱ्या पर्वातील एकेक भाग लागोपाठ पाहिल्यास ते लगेच ध्यानात येते.

७. तोंडाच्या हालचालीत काय पाहावे?

खालचा जबडा पाहावा. नवखा बाहुलीकार बोलताना चारही बोटे वर उचलतो, त्यामुळे बाहुलीचे डोळे प्रत्येक अक्षरागणिक आकाशाकडे जातात. कसलेला बाहुलीकार अंगठा खाली सोडतो, डोके जागेवर राहते आणि नजर समोरच्यावर टिकते. तोंड शब्द सुरू होताना उघडते, शब्दावर मिटत नाही. गाणी आधी ध्वनिमुद्रित करून त्यावर तोंड हलवले जाई, संवाद मात्र बाहुलीकार चित्रीकरणाच्या वेळीच बोलत. गाण्यात अचूकता अधिक आणि संवादात मोकळेपणा अधिक जाणवतो, त्याचे हे कारण आहे.

८. काही दृश्यांत सळया दिसतात. त्या लपवायच्या राहून गेल्या काय?

त्या लपवण्याचा अट्टहासच केलेला नाही. सळया बारीक ठेवल्या आणि बाहुलीच्या चेहऱ्याने नजर धरून ठेवली, की प्रेक्षक त्या विसरतो, हा भरवसा त्यामागे होता. मराठी प्रेक्षकाला हे नवे वाटू नये. रामदास पाध्ये यांच्या मांडीवर अर्धवटराव बसलेला असताना बोलविता धनी आपल्यासमोरच असतो, तरीही आपण उत्तराच्या अपेक्षेने अर्धवटरावाकडेच पाहतो.

बाहुलीकारांना लपवण्याची व्यवस्था मात्र पक्की होती. नेपथ्य जमिनीपासून उंच उचलून बांधलेले असे. बाहुलीकार खाली उभे राहून हात डोक्याच्या वर धरत आणि आपली बाहुली कॅमेऱ्यात कशी दिसते आहे हे खाली ठेवलेल्या मॉनिटरवर पाहत. मॉनिटरवरचे चित्र आरशासारखे उलटे नसते. हात आपल्या उजवीकडे नेला की पडद्यावर बाहुली डावीकडे जाते. हे अंगवळणी पडायला फार सराव लागतो, आणि पाच-सहा बाहुल्यांच्या गर्दीच्या प्रसंगात खाली किती दाटी होत असेल याचा अंदाज बाहुल्यांच्या एकमेकींना टेकलेल्या खांद्यांवरून करता येतो.

९. शीर्षकगीत दर भागात तेच असते. ते पुढे ढकलले तर चालेल का?

कृपया ढकलू नये. पहिले पर्व सोडले, तर गीताच्या अखेरीस गॉन्झो तुतारी फुंकतो आणि तिच्यातून काय निघेल हे भागागणिक बदलते. पहिल्या पर्वात फॉझीचा छोटा विनोद मध्ये येतो आणि तोही बदलता आहे. दुसऱ्या पर्वापासून गीताच्या आधी स्कूटर पाहुण्याच्या खोलीचे दार वाजवतो, तर पाचव्या पर्वात पाहुणा प्रथम पॉप्स या म्हाताऱ्या द्वारपालाला भेटतो. एखादा सुटा भाग कोणत्या पर्वातील आहे हे ओळखायला या खुणा पुरेशा आहेत.

१०. मुख्य गाणे सोडून मागे काय चालले आहे याकडे पाहावे, असे आपण सांगता. त्यात एवढे काय आहे?

माळेगावच्या यात्रेत तमाशा पाहणाऱ्याला फडाची राहुटी बाहेरून दिसते, आत कोण कोणावर चिडले आहे हे दिसत नाही. या कार्यक्रमात ती राहुटीच मुख्य आहे. रंगमंचावरचे गाणे दोन-तीन मिनिटांत संपते, पण त्या भागाची गोष्ट विंगेत, कर्मिटच्या टेबलाभोवती घडते. कोणाला काम हवे आहे, कोणाचे काम कापले गेले, मालकाचा भाचा म्हणून स्कूटरला कोणी काही बोलू शकत नाही, हे सगळे तेथे चालते. टेबलामागून जाणारी-येणारी पात्रे पाहत राहिल्यास, पुढे रंगमंचावर येणाऱ्या प्रसंगाची तयारी आधीच मागून सरकताना दिसते.

सज्जात बसून प्रयोगाला टोमणे मारणाऱ्या दोन म्हाताऱ्या पुरुषांविषयी एक जाता जाता. स्टॅटलर आणि वॉल्डॉर्फ ही त्यांची नावे न्यूयॉर्कमधील हॉटेलांवरून ठेवलेली आहेत. वॉल्डॉर्फच्या पत्नीचे नाव अस्टोरिया आहे आणि ती डिझी गिलेस्पी पाहुणे असलेल्या भागात दिसते. या दोघांचेही ऐकणे (प्रश्न २) पाहण्यासारखे आहे. टोमणा मारण्याआधी मारणारा दुसऱ्याकडे वळतो, आणि दुसरा हसण्यासाठी मान मागे टाकायला आधीच सिद्ध असतो.

११. फॉझी आणि मिस पिगी एकमेकांशी फारसे बोलत का नाहीत?

दोघेही फ्रँक ऑझ यांचे आहेत. तसेच कर्मिट, रॉल्फ, डॉ. टीथ, शेफ आणि वॉल्डॉर्फ हे हेन्सन यांचे. स्कूटर, स्टॅटलर, जॅनिस आणि बीकर हे रिचर्ड हंट यांचे. आणि कर्मिटचा पुतण्या रॉबिन व गिटारवाला फ्लॉइड हे जेरी नेल्सन यांचे. एकाच कलावंताची दोन पात्रे समोरासमोर आणायची तर एक बाहुली दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावी लागते आणि आवाज वेगळा भरावा लागतो. म्हणून लेखकच शक्यतो अशा जोड्या टाळत. ही यादी जवळ ठेवून एखादा गर्दीचा प्रसंग पाहावा. कोण बोलतो, कोण नुसता उभा आहे आणि कोण ऐनवेळी चौकटीबाहेर जातो, यामागचे गणित उलगडत जाते.

१२. प्रेक्षागृहातील हशा खरा आहे का? आणि अ‍ॅनिमलचे ड्रम कोण वाजवतो?

हशा खरा नाही. नाट्यगृहात बसलेले प्रेक्षकही बाहुल्याच आहेत आणि हशा नंतर जोडलेला आहे. एकदा तो वगळून ऐकण्याचा प्रयत्न करावा, म्हणजे बाहुलीकारांनी हशासाठी सोडलेल्या जागा कळतात.

अ‍ॅनिमलच्या हातून ऐकू येणारे वादन रॉनी व्हेरेल या ब्रिटिश वादकाचे आहे. पाचव्या पर्वात नामांकित ड्रमवादक बडी रिच यांच्याशी अ‍ॅनिमलचा सामना होतो, तेव्हा प्रत्यक्षात दोन थोर वादक एकमेकांना उत्तर देत असतात आणि ऑझ हातातील बाहुलीने त्याला शरीर देत असतात. तेथे अ‍ॅनिमलच्या काठ्यांपेक्षा त्याच्या मानेकडे पाहावे. लय मानेत आहे.

१३. पहिल्या पर्वातील मिस पिगी वेगळीच का वाटते? तिचा स्वभाव हळूहळू बदलत गेला, असे भागांच्या क्रमावरून म्हणता येईल का?

सुरुवातीला ती समूहातील एक डुकरीण होती, ठरलेली नायिका नव्हती. पहिल्या पर्वात तिला कधी ऑझ तर कधी हंट चालवत, म्हणून आवाजही एकसारखा नाही. बदल झाला हे खरे आहे. मात्र आपल्याकडील फाइलींच्या क्रमावरून तो मोजू नये, कारण भाग ज्या क्रमाने चित्रित झाले त्याच क्रमाने ते प्रसारित झाले नाहीत. पर्वापर्वांतील फरक विश्वासार्ह आहे, एका पर्वातील लागोपाठच्या दोन भागांतील फरकावर निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

कर्मचाऱ्यांच्या बदलाचेही ठसे दिसतात. कपडेपट सांभाळणारी हिल्डा पहिल्या पर्वानंतर नाहीशी होते, कारण ती चालवणाऱ्या एरेन ओझ्कर यांनी मंडळी सोडली. डॉ. बन्सन हनीड्यू पहिल्या पर्वात एकटेच प्रयोग करतात. त्यांचा बिचारा मदतनीस बीकर दुसऱ्या पर्वात येतो.

१४. माझ्या प्रतीत एक गाणे आहे, मित्राच्या प्रतीत नाही. कोणाची प्रत खरी?

दोन्ही खऱ्या असू शकतात. ब्रिटनमध्ये जाहिरातींना अमेरिकेपेक्षा कमी वेळ असल्यामुळे तेथील प्रसारणासाठी दर भागात सुमारे दोन मिनिटांचा जादा प्रसंग, बहुधा गाणे, चित्रित केला जाई. शिवाय पुढे डीव्हीडीवर आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये डिस्ने प्लसवर हा कार्यक्रम आला, तेव्हा संगीताच्या हक्कांमुळे काही गाणी गळली. एखादा प्रसंग अचानक तुटल्यासारखा वाटला, तर प्रथम ही शक्यता तपासावी.

१५. मोबाइलवर पाहिले तर चालते का? आणि इंग्रजी नीट कळत नसेल तर?

चालते, पण चित्र ४:३ याच मूळ प्रमाणात ठेवावे. पडदा भरून जावा म्हणून ते ताणले की मानेचे कोन बिघडतात, आणि वाढवून कापले की वरची-खालची कड जाते, जेथे पाहण्यासारखे सर्वाधिक असते (प्रश्न ३). लोडशेडिंगच्या दिवसांत आमच्याकडील अनेक जण मोबाइलवरच पाहतात आणि त्यांची निरीक्षणे कोठेही उणी नसतात.

इंग्रजीची अडचण शाब्दिक कोट्यांपुरती आहे. शेफची बडबड तर कोणत्याच भाषेत नाही, आणि बीकर केवळ चिवचिवतो. वसमतच्या एका शिक्षिकेने मुलांना आवाज बंद करून प्रसंग दाखवला आणि कोण कोणावर रागावले आहे हे ओळखायला सांगितले. मुलांनी ते बरोबर ओळखले. ‘गली गली सिम सिम’ हा २००६ मध्ये सुरू झालेला हिंदी कार्यक्रम मुलांसाठी अधिक सोपा पडेल. तोही हेन्सन यांच्या बाहुल्यांनी घडवलेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ची भारतीय आवृत्ती असल्यामुळे प्रश्न ४ व ७ मधील निरीक्षणे चमकीसारख्या हातावरच्या बाहुलीलाही लावून पाहता येतात. बूम्बा हा सिंह मात्र आत माणूस उभा राहणारा पूर्ण पोशाख आहे, त्याला ती लागू नाहीत.

१६. काही दृश्यांत कर्मिटचे पाय स्पष्ट दिसतात. मग बाहुलीकार कोठे असतो?

कर्मिट भिंतीवर किंवा फळीवर बसलेला असेल, तर हात मागून येतो. भिंतीला किंवा पाठीमागच्या पडद्याला त्यासाठी वाट ठेवलेली असते आणि पाय पुढे नुसते लोंबतात. अशा वेळी तो कमरेतून पूर्ण वळत नाही, ही ओळखण्याची खूण. तो उभा राहून नाचत असेल, तर पायांना वेगळ्या सळया लावून दुसरा माणूस ते चालवतो आणि चौकट सहसा थोडाच वेळ तेथे थांबते. स्वीटम्ससारखा अवाढव्य राक्षस मात्र हंट यांनी आत शिरून चालवलेला पूर्ण पोशाख आहे, म्हणून तो मंचावर कोठेही फिरू शकतो. कर्मिट सायकल चालवताना पाहिल्याचे अनेकांना आठवते आणि ते या १२० भागांत शोधूनही सापडत नाही, अशी तक्रार येते. ते दृश्य १९७९ च्या मपेटांच्या पहिल्या चित्रपटातील आहे.

१७. आम्हाला दिसलेला तपशील मुद्दाम ठेवलेला होता की योगायोगाने आला, हे कसे ठरवावे?

प्रथम तो पुन्हा घडतो का ते पाहावे. गॉन्झोची तुतारी दर भागात बदलते, तेव्हा ती ठरवून बदललेली आहे. एखाद्या प्रसंगात मागच्या बाहुलीची मान एकदाच कलली असेल, तर तो ठरवलेला संकेत असण्यापेक्षा दमलेल्या हाताचा परिणाम असण्याची शक्यता अधिक. दुसरे म्हणजे, तांत्रिक कारण आधी शोधावे. “कर्मिट डावखुरा दाखवण्यामागे लेखकाचा हेतू कोणता?” या प्रश्नाचे उत्तर प्रश्न ४ मध्ये आहे आणि त्यात लेखक कोठेही येत नाही.

या दोन्हींमध्ये बसणारा तिसरा प्रकार आहे, आणि आमच्या मते तोच सर्वांत मोलाचा. एक बाहुलीकार संहितेबाहेरचे काही करतो, दुसरा त्याला त्याच क्षणी बाहुलीतूनच उत्तर देतो आणि दिग्दर्शक तो तुकडा कापत नाही. तो लिहिलेला नसतो, पण राखलेला असतो. शेफच्या प्रसंगांत (प्रश्न ५) आणि सज्जातील जोडीत (प्रश्न १०) तो वारंवार येतो. प्रश्न पाठवताना पर्व, पाहुण्याचे नाव आणि भागातील मिनिट लिहावे, तसेच त्या क्षणी कोणती बाहुली बोलत होती आणि आपण कोणत्या बाहुलीकडे पाहत होता, हेही आवर्जून कळवावे.